चिडवलं जाणाऱ्या मुलांसाठीची पुस्तकं: शेवटी टाळ्या पडायलाच हव्यात का?

ओवी_

माझी भाची नऊ वर्षांची आहे. बोलताना अडखळते. घरात कुणालाच त्याचं काही वाटत नाही, तिलाही आजवर वाटत नव्हतं. यंदा वर्गातल्या एका टोळक्याने तिच्या बोलण्याची नक्कल सुरू केली आणि आता मोठ्याने धडा वाचायचा असला की त्या दिवशी हिच्या पोटात दुखतं. बहीण शाळेत जाऊन बोलून आली आहे, स्पीच थेरपीही चालू आहे. ते सगळं होतंय. माझा प्रश्न पुस्तकांचा आहे, कारण मावशीने यायचं ते पुस्तक घेऊनच, असा आमच्याकडचा शिरस्ता आहे.

मी तिच्यासाठी 'वेगळ्या' मुलांची, धीट होण्याची, स्वतःला आहे तसं स्वीकारण्याची बरीच पुस्तकं आणली. चित्रं एकाहून एक सुंदर, पण गोष्ट मात्र तीच. एक मूल इतरांसारखं नसतं. सगळे त्याला हसतात. मग काहीतरी संकट तरी येतं नाहीतर स्नेहसंमेलन तरी. त्या मुलाच्या अंगचा गुण सगळ्यांना दिसतो, टाळ्या पडतात आणि हसणारेच त्याचे मित्र होतात. असंच एक पुस्तक संपल्यावर भाचीने विचारलं, "मावशी, आणि त्याला काहीच येत नसतं तर?"

मला तेव्हा काही बोलता आलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं? आणि ज्यात मुलाला टाळ्या मिळवाव्या लागत नाहीत असं एखादं पुस्तक माहीत आहे का? मराठी, इंग्रजी, अनुवादित, काहीही चालेल.

खारुताई

काय प्रश्न विचारलाय पोरीने! आपण सगळे गदिमांच्या त्या कुरूप पिल्लाच्या गाण्यावर वाढलो. मूळ गोष्ट हान्स क्रिश्चन अँडरसनची, १८४३ सालची. लहानपणी मी ते गाणं ऐकून हमखास रडायचे आणि शेवटी खूश व्हायचे. पण आता वाटतं, ते पिल्लू मुळात राजहंसच होतं. तळ्यातलंच एखादं बदक जरा वाकड्या पायाचं असतं, तर त्याने कुठल्या पाण्यात डोकावून बघायचं होतं?

भिंगरी

खारुताई, असहमत. मूळ गोष्ट पुन्हा वाचून बघा. त्यात मधे एक प्रसंग आहे, छोट्या आवृत्त्यांत तो बहुतेक वेळा गाळतात. पिल्लू भटकत एका म्हातारीच्या झोपडीत जातं. तिथे एक मांजर आणि एक कोंबडी असते. कोंबडी विचारते, तुला अंडी घालता येतात का? मांजर विचारतं, तुला पाठीची कमान करता येते का, गुरगुरता येतं का? पिल्लू म्हणतं, नाही. मग तू तुझी मतं स्वतःजवळ ठेव, असं त्याला ऐकवलं जातं.

ओवी, तुमच्या भाचीचा प्रश्न अँडरसनने गोष्टीच्या पोटातच ठेवला आहे. पुढे ते पिल्लू काहीही करून दाखवत नाही. कुणाला वाचवत नाही, स्पर्धा जिंकत नाही. राजहंस दिसल्यावर, हे आता आपल्याला मारून टाकतील, असं समजून मान खाली घालतं आणि तेव्हा त्याला पाण्यात स्वतःचं रूप दिसतं. अँडरसन स्वतः गरीब घरातला, लांबुडका, लोकांच्या चेष्टेचा विषय झालेला माणूस होता. ही आपलीच गोष्ट आहे असं तो सांगत असे. माझ्या जाड चष्म्यावरून वर्गात जे चालायचं, त्या काळात मला या गोष्टीचा फार आधार होता. राजहंस होण्याची मला काही आस नव्हती. हे तळं म्हणजे सगळं जग नाही, एवढं कळलं तरी दिवस निघायचा.

खारुताई

कोंबडीचा प्रसंग मला माहीतच नव्हता. आता मूळ गोष्ट मिळवून वाचते.

पानोपानी

मी लहान मुलांचं वाचनालय चालवते, त्यामुळे या विषयावर मला आवरणं कठीण आहे. :)

ओवी म्हणते तो साचा जुना आहे आणि त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण म्हणजे लाल नाकाचा रुडॉल्फ. रॉबर्ट मे नावाच्या जाहिरात-लेखकाने १९३९ मध्ये एका मोठ्या दुकानसाखळीसाठी ती गोष्ट लिहिली, गिऱ्हाइकांना फुकट वाटायला. बाकीचे रेनडियर रुडॉल्फला खेळात घेत नाहीत. मग धुक्याची रात्र येते, त्याच्या नाकाचा उजेड कामाला येतो आणि एकदम तो सगळ्यांचा लाडका. धुकं पडलं नसतं तर? त्या कळपाने कधीही माफी मागितलेली नाही.

दुसरं मार्कुस फिस्टरचं 'द रेनबो फिश', १९९२ चं. चमचमत्या खवल्यांचा मासा गर्विष्ठ असतो म्हणून एकटा पडतो, मग एकेक खवला वाटून टाकतो आणि मित्र मिळवतो. वाटून घेण्याची गोष्ट म्हणून ते प्रचंड खपलं. पण मला ते चिडवलं जाणाऱ्या मुलाच्या हातात देववत नाही. मैत्री हवी असेल तर अंगावरचं काढून द्या, असाच त्याचा अर्थ ते मूल घेईल अशी भीती वाटते.

याच साच्यातलं, पण साचा मोडणारं एक पुस्तक सांगते. तारो याशिमाचं 'क्रो बॉय', १९५५. जपानमधल्या खेड्यातली शाळा. चिबी नावाचा बुजरा मुलगा पहिल्या दिवशी शाळेच्या जमिनीखालच्या पोकळीत लपून बसलेला सापडतो. मुलं त्याला वेडा ठरवतात. तो आपला छताकडे बघतो, बाकाच्या लाकडावरच्या रेघा बघतो, खिडकीबाहेर बघतो. सहावीत इसोबे नावाचे शिक्षक येतात आणि त्याच्याशी बोलायला लागतात. शेवटी कलागुणांच्या कार्यक्रमात चिबी कावळ्यांचे आवाज काढतो: नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचा, आईचा, पहाटेचा, दुःखाचा.

आडवातिडवा

म्हणजे स्नेहसंमेलन आलंच की हो शेवटी, पानोपानीताई!

पानोपानी

आलं खरं! पण पुढे ऐका. मुलं रडतात ती आवाज छान निघाले म्हणून नाही. इसोबे सर सांगतात की चिबी सहा वर्षं रोज पहाटे घरून निघून चालत शाळेत येतो आणि मावळतीला घरी पोचतो. ते आवाज तो त्या वाटेवर शिकला. आपण ज्याला सहा वर्षं वेडा म्हणत होतो त्याचा दिवस कसा जातो हे आपण एकदाही विचारलं नाही, हे मुलांना त्या क्षणी कळतं. शाळा सोडताना एकही दिवस न चुकवल्याबद्दल त्याचा एकट्याचा सन्मान होतो. चिबीला कुणी बदललेलं नाही, बाकीच्यांची नजर बदलली आहे.

खडूफळा

शाळेत शिकवतो. थोडं लांबेल, पण लिहू द्या.

मुलांनी मुलांना त्रास देण्याच्या या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सत्तरच्या दशकात डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने स्वीडन-नॉर्वेत सुरू केला. त्याने घालून दिलेले तीन निकष आजही वापरतात: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोघांच्या ताकदीत फरक असतो, म्हणजे ज्याला त्रास होतो त्याला स्वतःचा बचाव करणं अवघड असतं. हा तिसरा निकष पुस्तकं लिहिणारे विसरतात. 'धीट हो, ठणकावून सांग' हा सल्ला त्या मुलाला देतात, ज्याच्याकडे नेमकी ताकदच कमी आहे.

पुढे १९९६ मध्ये फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की वर्गात फक्त दोन भूमिका नसतात. कुणी त्रास देणाऱ्याला हात देतो, कुणी हसून चेव आणतो, कुणी बाजू घेतो आणि बरेच जण नुसते बाजूला होतात. कॅनडातल्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून चित्रण केलं. २००१ च्या त्यांच्या निबंधात आहे की सुमारे ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं हजर होती. मधे पडली ती १९ टक्के प्रसंगांत. आणि जेव्हा पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांत थांबला. दहा सेकंद!

म्हणून ओवी, माझं म्हणणं असं की पुस्तक भाचीला नंतर द्या, आधी तिच्या वर्गाला द्या. त्यासाठी माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं पुस्तक आहे एलिनॉर एस्टिसचं 'द हंड्रेड ड्रेसेस', १९४४. वांडा नावाची गरीब, पोलिश आडनावाची मुलगी रोज तोच विटका निळा फ्रॉक घालून येते आणि म्हणते, माझ्या घरी शंभर फ्रॉक आहेत. पेगी तिला रोज अडवून विचारते, किती गं फ्रॉक तुझ्याकडे? पण गोष्ट आपल्याला दिसते ती पेगीची मैत्रीण मॅडी हिच्या डोळ्यांनी. मॅडीला ते आवडत नाही. ती स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने कपडे घालते, उद्या आपला नंबर लागेल या भीतीने गप्प राहते. एकदा पेगीला 'हे थांबव' अशी चिठ्ठी लिहायला घेते आणि फाडून टाकते. माझ्या वर्गात हे वाचताना त्या चिठ्ठीपाशी नेहमी सगळे शांत होतात, कारण प्रत्येक वर्गात पेगी एखादीच असते, मॅडी मात्र पंचवीस.

आडवातिडवा

पण खडूफळा सर, तिथेही वांडाची शंभर चित्रं निघतातच ना? फ्रॉकची चित्रं, स्पर्धेत पहिली. भाचीचा प्रश्न तिथेही उरतो.

खडूफळा

बक्षीस तिलाच मिळतं, बरोबर. पण ज्या दिवशी वर्गाच्या भिंतींवर ती चित्रं लागतात त्याच दिवशी तिच्या वडिलांचं पत्र येतं की आम्ही मोठ्या शहरात चाललो, जिथे आमच्या आडनावाला कुणी हसणार नाही. टाळ्या पडतात तेव्हा त्या घ्यायला वांडा तिथे नसते. एस्टिसने वर्गाला सुटकेची वाट ठेवलेली नाही.

पानोपानी

आणि जिच्याजवळ दाखवायला काहीच नाही अशी मुलगी हवी असेल तर जॅकलिन वुडसनचं 'ईच काइंडनेस', २०१२. माया वर्गात नवी येते. कपडे जुने, खेळणी जुनी. ती पुन्हा पुन्हा खेळायला बोलावते आणि निवेदन करणारी क्लोई दर वेळी तोंड फिरवते. एक दिवस माया येत नाही. बाई पाण्यात खडा टाकून तरंग दाखवतात, प्रत्येकाने आपण केलेली एक चांगली गोष्ट सांगायची असते आणि क्लोईला एकही आठवत नाही. ती मायाची वाट बघते, पण माया परत येतच नाही. माफी मागायची संधीसुद्धा मिळत नाही. मायाच्या अंगात कुठला गुण होता हे आपल्याला कधीच कळत नाही, आणि कळायची गरजही पडत नाही.

अबोली

पुस्तकं उत्तम असतील, पण मला जरा राग येतोय म्हणून स्पष्ट लिहिते.

वांडा शाळा सोडून जाते. माया शाळा सोडून जाते. मागे राहणाऱ्यांच्या मनात काय झालं याची सुंदर गोष्ट होते. ज्या मुलीला आज, आत्ता वर्गात बसायचं आहे तिने या पुस्तकांतून काय घ्यावं? की तू निघून गेलीस की बाकीचे शहाणे होतील? खडूफळा, 'आधी वर्गाला द्या' हे पटतं. पण 'भाचीला नंतर' हे पटत नाही. वर्ग सुधारेपर्यंत तिने थांबायचं का?

माझ्या मुलाच्या अंगावर पांढरे डाग आहेत. त्याला बाकीच्या जगाच्या पश्चात्तापाची गोष्ट नको होती. त्याला स्वतःसारखा कुणीतरी हवा होता, जो पानभर साधाच राहतो, भांडतो, कंटाळतो, चिखलात खेळतो, आणि डाग हा त्या गोष्टीतला एक तपशील असतो. रुडीन सिम्स बिशप या अभ्यासकांनी १९९० मध्ये लिहिलं होतं की मुलांना पुस्तकांत आरसेही हवेत आणि खिडक्याही. खिडक्या तुम्ही पुष्कळ सांगितल्यात. आरसा कुठे आहे?

खडूफळा

अबोली, मान्य. 'नंतर' हा शब्द मागे घेतो. दोन्ही एकाच वेळी.

काठावरचा

अबोलींनी विचारलं म्हणून लिहितो. एरवी इथे वाचनमात्र असतो.

मी स्वतः लहानपणापासून अडखळत बोलतो. आजही. मीटिंगमध्ये स्वतःचं नाव सांगताना सर्वांत जास्त, कारण नावाला पर्यायी शब्द नसतो. हे अडखळणाऱ्या कुणालाही विचारा. आम्ही अवघड अक्षर दिसलं की शब्द बदलतो, वाक्य फिरवतो, दुसऱ्याला वाटतं की हा विचार करतोय. वर्गात मोठ्याने वाचताना ती सोय नसते. छापलेला शब्द बदलता येत नाही. तुमच्या भाचीचं पोटात दुखणं खरंच असतं, बहाणा समजू नका.

पुस्तक आहे: 'आय टॉक लाइक अ रिव्हर', २०२०. लेखक जॉर्डन स्कॉट, चित्रं सिडनी स्मिथची. स्कॉट स्वतः अडखळत बोलणारे कवी आहेत. मुलगा सकाळी उठतो तेव्हापासून शब्द त्याच्या घशात अडकलेले असतात. वर्गात बोलायची वेळ येते, सगळे त्याच्याकडे वळून बघतात, त्याचं तोंड बघतात. चित्रातही सगळे चेहरे विरघळल्यासारखे दिसतात, अगदी तसंच दिसतं तेव्हा. शाळा सुटल्यावर वडील त्याला नदीवर घेऊन जातात आणि दाखवतात की पाणी कसं फेसाळतं, भोवऱ्यात फिरतं, आपटतं, आणि तरी ती नदीच असते. तू असं बोलतोस, एवढंच ते म्हणतात.

मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन आपल्या आवडत्या जागेबद्दल बोलतो, आणि अडखळतच बोलतो. अडखळणं जात नाही आणि त्याच्याबद्दल कुणी बक्षीसही देत नाही. मी हे वाचलं तेव्हा चांगला मोठा माणूस होतो आणि तरी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

भिंगरी

काठावरचा, वाचनमात्र राहू नका. लिहीत जा. फार मोलाचं लिहिलंत.

खारुताई

+१००. नावाला पर्यायी शब्द नसतो हे वाचून थांबले.

निळासावळा

इतका वेळ 'तोत्तोचान' कसं आलं नाही? तेत्सुको कुरोयानागींच्या पुस्तकाचा चेतना सरदेशमुख गोसावींनी केलेला मराठी अनुवाद सहज मिळतो आणि नऊ वर्षांच्या मुलीला वाचून दाखवता येतो. त्यात ताकाहाशी नावाचा मुलगा आहे, त्याची उंची वाढणं थांबलेलं आहे, हातपाय आखूड. मुख्याध्यापक कोबायाशी सर क्रीडादिनाचे खेळच असे योजतात की लहान चणीच्या मुलाला ते सोपे जावेत, आणि तो सगळ्यांत पहिला येतो.

आडवातिडवा

म्हणजे पुन्हा बक्षीस?

निळासावळा

नाही, इथे नीट बघा. तुमच्या सगळ्या साच्यातल्या गोष्टींत मुलाने जुन्याच खेळात जिंकून दाखवायचं असतं. कोबायाशींनी खेळ बदलला. आजवर बाकी सगळे खेळ उंच मुलांना सोपे असेच होते, ते कुणाला खटकलं नव्हतं.

आणि त्याच पुस्तकातला दुसरा प्रसंग मला याहून मोठा वाटतो. वर्गावरच्या बाई शिकवताना सहज ताकाहाशीला विचारतात, तुला शेपूट आहे का? बाईंच्या मनात काही वाईट नसतं. कोबायाशी सर त्यांना बाजूला घेऊन, मुलांसमोर नाही, अतिशय कळवळून रागावतात: हे ऐकून त्या मुलाला काय वाटलं असेल? तोत्तोचानला ते चुकून ऐकू येतं. चिडवणं ही फक्त मुलांची गोष्ट असते असं मानून लिहिलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. मोठी माणसं सहज म्हणून काय बोलून जातात हे दाखवणारी फार थोडी.

भिंगरी

मोठ्यांवरून आठवलं, हॅरी पॉटरमधला नेव्हिल. तिसऱ्या भागात प्रत्येकाची सर्वांत मोठी भीती समोर उभी राहते तेव्हा नेव्हिलसमोर उभा राहतो तो त्याचा स्वतःचा शिक्षक. शाळेत शिक्षकाकडून रोज अपमान सोसणाऱ्या मुलांना ते पान वाचून काय वाटलं असेल याचा विचार करा. आणि पहिल्या भागात शेवटचे दहा गुण नेव्हिलला मिळतात ते शत्रूंसमोर उभं राहिल्याबद्दल नाही, मित्रांना अडवल्याबद्दल. मॅडीला जे जमलं नाही ते.

सह्याद्रीचा_वारा

मला एक कळत नाही. सगळे इतके हळवे का झालेत? पोरीला शिकवा, नक्कल केली की एक ठेवून द्यायची. आमच्या वेळी असंच मिटायचं. पिप्पी लाँगस्टॉकिंग नाही का, गुंड मुलाला सरळ उचलून झाडावर ठेवते. अशी पुस्तकं द्या.

खडूफळा

पिप्पी मलाही प्रिय आहे. १९४५ मध्ये आलेलं पुस्तक अजून ताजं आहे. पण पिप्पी जगातली सर्वांत ताकदवान मुलगी आहे, घोडा उचलते. ते वाचून मूल खदखदून हसतं, त्याला बरं वाटतं आणि ते व्हायलाच हवं. मात्र तो सल्ला नव्हे. ताकदीतला फरक हाच मूळ प्रश्न असताना 'एक ठेवून दे' म्हणजे ज्या बाजूला ती हरणार आहे तिथेच तिला ढकलणं. शिवाय अॅस्ट्रिड लिंडग्रेन या पिप्पीच्या लेखिकेने १९७८ मध्ये शांतता पुरस्कार स्वीकारताना मुलांना मारण्याच्या विरोधातच भाषण केलं होतं.

अबोली

'आमच्या वेळी असंच मिटायचं' यावर फक्त इतकंच: ज्याचं मिटलं नाही तो सांगायला येत नाही.

सह्याद्रीचा_वारा

अबोलीताई, हे मनाला लागलं. टोमणा म्हणून नाही, खरंच. पण मग धीट कसं व्हायचं ते तरी सांगा. पोरीने सोसतच राहावं असं तुम्हीही म्हणत नसालच.

निळासावळा

धीटपणा म्हणजे दर वेळी अंगावर जाणं नव्हे, यासाठी मन्रो लीफचा फर्डिनांड बघा. १९३६. धिप्पाड बैल, पण त्याला झुंजायचं नसतं, झाडाखाली बसून फुलांचा वास घ्यायचा असतो. झुंजीच्या मैदानात नेऊन उभा केला तरी तो बसूनच राहतो. स्पेनमध्ये फ्रँकोच्या राजवटीत या चिमुकल्या पुस्तकावर बंदी होती. शांत बसणाऱ्या बैलाची केवढी ती धास्ती!

आणि ओवीच्या भाचीपुरतं बोलायचं तर मोठ्या माणसाला जाऊन सांगणं हाही धीटपणाच आहे. पुस्तकांत त्याला चहाडी समजतात, तिथे फार नुकसान होतं.

उंबरठा

बालमानसशास्त्राची विद्यार्थिनी आहे. गोष्टीतली पात्रं प्राण्यांची असावीत की माणसांची, यावर थोडं सांगते. टोरोंटोत चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. वाटून घेण्याची एकच गोष्ट, काहींना प्राण्यांची पात्रं असलेली, काहींना माणसांची. नंतर आपले स्टिकर दुसऱ्याला द्यायची वेळ आली तेव्हा माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी जास्त दिले. म्हणजे लहान वयात, निदान 'तू असं वाग' हे पोचवायचं असेल तर, मुलांना ससा-अस्वलापेक्षा मुलगा-मुलगी जवळची वाटते.

दुसरा प्रयोग २०१४ चा, कँग ली आणि सहकाऱ्यांचा. खोटं बोलल्यावर शिक्षा होते अशा गोष्टी ऐकून मुलं जास्त खरं बोलली नाहीत. खरं बोलल्याचं कौतुक होतं अशी गोष्ट ऐकून मात्र बोलली. तो प्रयोग खोटेपणावर होता, त्यामुळे जपून बोलते, पण दादागिरी करणाऱ्याची शेवटी फजिती होणारी पुस्तकं वाचताना मला तो आठवतो.

पानोपानी

उंबरठा, छान माहिती. पण वाचनालयात मी उलटंही बघते. ज्या मुलाला खरंच लागलेलं असतं ते बरेचदा आधी प्राण्यांचंच पुस्तक उचलतं. त्याला तेवढं अंतर हवं असतं. त्रास देणाऱ्याला माणसाची गोष्ट, सोसणाऱ्याला हवं तर सशाची, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.

आणि कृपया पुस्तक वाचून झाल्यावर 'मग यातून काय शिकलीस?' विचारू नका. मुलं औषधाचा वास लांबून ओळखतात. पुस्तक घरात पडू द्या. स्वतः वाचत बसा. तिने मागितलं तर वाचून दाखवा आणि संपल्यावर गप्प राहा. बोलायचं असेल तर ती बोलेल, कदाचित आठवड्याने, भलत्याच वेळी.

ओवी_

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. धागा वर-खाली करून पुन्हा वाचला.

काठावरचा, तुम्ही सांगितलेलं नदीचं पुस्तक आणलं आणि पानोपानींचं ऐकून नुसतं टेबलावर ठेवलं. भाचीने ते स्वतःच वाचलं, मग आईला वाचून दाखवलं. मोठ्याने. अडखळत. मधे थांबून तिने विचारलं, की हे लिहिणारे काका अजून असेच बोलतात का? बहीण म्हणाली, हो. "मग ते लोकांसमोर पुस्तक वाचतात तेव्हा लोक थांबतात का?" तिला टाळ्यांपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतंय, की समोरचा थांबतो का. बहिणीने आता शाळेत नेमकं तेच मागितलंय: तिला वाचायला लावू नका किंवा सूट द्या असं नाही, तिला वेळ द्या आणि कुणी तिचा शब्द पुरा करू नका.

आता 'हंड्रेड ड्रेसेस' वर्गात वाचायला बाई तयार आहेत. खडूफळा, काही सूचना?

खडूफळा

वा, ऐकून फार बरं वाटलं. सूचना आहेत.

एक तर, भाचीला आधी विचारा. तिला नको असेल तर आत्ता वाचू नका. जिला त्रास होतोय ती वर्गात असताना अशी गोष्ट वाचली की सगळ्या माना तिच्याकडे वळतात आणि तिची अवस्था आणखी वाईट होते. शक्य असेल तर बाईंनी ते सगळ्या तुकड्यांत वाचावं, नेहमीच्या गोष्टीच्या तासाला, कुठल्याही प्रसंगाचा संदर्भ न देता. वाचताना नजर पुस्तकात किंवा शेवटच्या बाकाच्या वर ठेवावी, ना भाचीकडे, ना त्या टोळक्याकडे.

मॅडी चिठ्ठी फाडते तिथे तास संपवावा. तिने काय करायला हवं होतं, असं मुलांना लिहायला सांगावं, नाव न घालता. मोठ्या शूर गोष्टी नको, जमतील अशा. माझ्या वर्गातली मुलं लिहितात: हसायचं नाही. वांडाशेजारी जाऊन उभं राहायचं. घरी जाताना तिच्याबरोबर चालायचं. पेगीला दुसरं काहीतरी विचारून विषय बदलायचा. यातली एखादी तरी गोष्ट भित्र्यातल्या भित्र्या मुलालाही करता येते.

काठावरचा

आणि वाचायची पाळी बाकांच्या क्रमाने लावू नये, असं बाईंना जरूर सांगा. आपला नंबर जवळ येताना मोजत बसणं हे प्रत्यक्ष वाचण्याहून भयंकर असतं. दोघांनी मिळून एका सुरात वाचलं तर आमच्यापैकी बऱ्याच जणांना अडखळायला होत नाही. अख्ख्या वर्गाने जोडीने वाचायचं ठरवलं तर तिला वेगळं काढल्यासारखंही होणार नाही.

सह्याद्रीचा_वारा

माझा पुतण्या तेरा वर्षांचा आहे, त्याचीही हीच तक्रार आहे बोलण्याची. चित्रांचं पुस्तक तो हातात घेणार नाही. त्या वयासाठी काही?

काठावरचा

व्हिन्स व्हॉटर यांचं 'पेपरबॉय', २०१३. अकरा वर्षांचा मुलगा महिनाभर मित्राच्या जागी घरोघर पेपर टाकायचं काम घेतो. टाकायला भीती नाही, पण दर आठवड्याला पैसे मागायला दार वाजवून बोलावं लागतं, तिथे खरी परीक्षा. लेखक स्वतः अडखळणारे आहेत. गोष्ट १९५९ च्या मेम्फिसमधली आहे, वंशभेद आणि थोडी मारामारीही आहे, त्यामुळे आधी तुम्ही वाचा. इंग्रजी फार अवघड नाही. मुलगा सगळं टाइप करून सांगतो आणि त्याला स्वल्पविराम आवडत नाहीत, बोलताना पुष्कळ थांबून झालंय म्हणून. पुतण्याला हे पहिल्याच पानांत पटेल.